दुसऱ्याच्या घरी कापला जाणारा ब्रेड

पोरी, नाताळला शेजारीपाजारी केळ्याचा ब्रेड वाटायचा म्हणतेस, तर आधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. हा ब्रेड तुझ्या घरी कापला जाणार नाही. तू तो आज भाजशील, उद्या पोचवशील आणि घेणारी बाई परवा दुपारी चहाबरोबर कापेल. घरच्यासाठी भाजलेला ब्रेड ओव्हनमधून निघाल्यावर तासाभरात कसा लागतो, तेवढं पुरतं. भेटीच्या ब्रेडचं तसं नाही. तो तिसऱ्या दिवशी कसा लागेल, हे डोक्यात ठेवून केळी निवडण्यापासून दोरी बांधण्यापर्यंत सगळं ठरवावं लागतं. पुढे जे सांगते आहे ते सगळं या एकाच हिशेबाने सांगते आहे.

नाताळच्या ताटात कलकल, करंज्या, प्लम केक असतात आणि असायलाच हवेत. पण इमारतीतली सगळी घरं, मुलांच्या बाई, दूधवाला, वॉचमन अशी यादी वाढली की प्लम केक आवाक्याबाहेर जातो. त्याची फळं कितीतरी दिवस आधी रममध्ये भिजत घालावी लागतात आणि रम न चालणारी घरंही असतातच. क्रीमचा केक डब्यात जरा हलला की गेला. केळ्याचा ब्रेड लोकलच्या गर्दीत पिशवीत दाबला गेला तरी मोडत नाही, एसटीने पुण्याला पोचतो आणि पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी चांगला लागतो. तो दुसरा दिवस आपण घेणाऱ्याला देतो.

आपल्या आज्यांच्या फराळात मात्र हा पदार्थ नव्हता. आपल्या किनाऱ्यावर पाव फुगायचा तो ताडी-माडीच्या खमिरावर, आणि खमीर म्हटलं की रात्रभर वाट बघणं आलं. अमेरिकेत १७९६ साली अमेलिया सिमन्स या बाईंचं पाककृतींचं पुस्तक छापून आलं. लाकडाच्या राखेतून काढलेल्या क्षाराने पीठ फुगवायची युक्ती त्यात आहे. पुढे १८४३ मध्ये इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी बेकिंग पावडर तयार केली, कारण त्यांच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हतं. केळ्याचा ब्रेड घराघरांत रुळला तो १९३० च्या दशकातल्या अमेरिकेत. दिवस टंचाईचे होते, काळी पडलेली केळी टाकवत नव्हती आणि सोडा-पावडर दुकानात मिळत होती. केळं आणि नाताळ यांची गाठ भारतात त्याही आधी पडली होती. १८८३ साली केरळात तलश्शेरीला मंबळ्ळी बापू यांनी मर्डोक ब्राऊन नावाच्या मळेवाल्यासाठी नाताळचा केक भाजला. त्यात कदळी केळ्याची तिथलीच दारू घातली होती असं तिकडे सांगतात.

यातलं तुझ्या कामाचं एवढंच: खमीर तासन् तास काम करतं, सोडा ओला झाल्याक्षणी सुरू होतो आणि थोड्या वेळात संपतो. म्हणून या ब्रेडला कालवल्यावर थांबणं माहीत नाही. टिनाला कागद लावलेला हवा, ओव्हन तापलेला हवा, फोन बाजूला ठेवलेला हवा. मगच कोरडं आणि ओलं एकत्र कर.

आता केळी. निम्मा ब्रेड इथेच ठरतो. डिसेंबरात बाजारात जळगावकडची लांब केळी मिळतात, छोटी वेलची मिळतात, लाल केळी मिळतात आणि वसईच्या बाजारात गेलीस तर राजेळीही. तू लांब केळी घे. गर भरपूर, भावही परवडणारा. वेलची केळी वासाची असतात, पण एका ब्रेडला खूप सोलावी लागतात आणि गर घट्ट असल्यामुळे ब्रेड दाट होतो. निम्मी लांब, निम्मी वेलची घेतलीस तर फार छान जमतं. राजेळी इथे नको. ती पिकली तरी गर कडक राहतो. तिची खरी जागा कुठे, ते पुढे सांगते.

साल पिवळी झाली की केळं खायला तयार झालं. ब्रेडला तेवढं पुरत नाही. कच्च्या केळ्यात पिष्ट असतं, पिकताना त्याची साखर होते आणि ही क्रिया साल पिवळी झाल्यावरही चालू राहते. सालीवर तपकिरी ठिपके येऊन ते एकमेकांना भिडले पाहिजेत, साल निम्म्याहून जास्त तपकिरी दिसली पाहिजे, सोलताना ती पातळ सुटली पाहिजे आणि गर बोटाने दाबला की सहज बसला पाहिजे. वास मधासारखा गोड येईल. वास दारूसारखा आंबट आला, देठाशी बुरशी दिसली किंवा साल फुटून पाणी गळायला लागलं तर ते केळं टाकून दे. भेटीच्या वस्तूत संशयाचा माल घालायचा नाही.

डिसेंबरात, त्यातून नाशिक-पुण्याच्या थंडीत, केळी लवकर पिकत नाहीत. म्हणून फणी आठवडाभर आधी आण. घाई असेल तर वर्तमानपत्रात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेव किंवा कागदी पिशवीत एक सफरचंद घालून तोंड बंद कर. पिकणारी फळं जो वायू सोडतात तो कोंडला की पिकणं वेगाने होतं. पिवळी केळी सालीसकट ओव्हनमध्ये काळी करून घ्यायची युक्ती हल्ली पुष्कळजणी सांगतात. त्याने केळं मऊ होतं, पण दिवसांच्या पिकण्याने येणारा गोडवा आणि वास त्यात येत नाही. भेटीसाठी ती वाट धरू नकोस. उलट केळी आधीच पिकली तर सोलून, ३०० ग्रॅमच्या पिशव्या करून फ्रीझरमध्ये टाक. बाहेर काढल्यावर त्यातून पाणी सुटेल. ते ओतून देऊ नकोस, त्यातच चव आहे. छोट्या पातेल्यात निम्मं आटवून गरात परत घाल.

एका मोठ्या टिनाला लागणारे हे ३०० ग्रॅम सोलल्यानंतरचे, हे लक्षात ठेव. ‘तीन केळी’ हे माप भरवशाचं नाही, कारण तीन केळी २५० ग्रॅमही भरतात आणि ४०० ही. गर जास्त झाला तर ब्रेडच्या तळाला चिकट, ओलसर पट्टा बसतो, आणि तिसऱ्या दिवशी बुरशी पहिल्यांदा तिथेच धरते. वजनकाटा नसेल तर या नाताळला स्वतःसाठी तीच भेट घे. गर काट्याने किंवा पावभाजीच्या मॅशरने कुस्कर. मिक्सरला लावू नकोस, पार पातळ होऊन ब्रेड गचका होतो. हरभऱ्याएवढे गोळे राहिले तर राहू देत.

बाकीचं प्रमाण एका मोठ्या टिनासाठी, म्हणजे साधारण नऊ बाय पाच इंचाच्या, किंवा तीन छोट्या टिनांसाठी असं: मैदा १५० ग्रॅम आणि कणीक ५० ग्रॅम. कणकेने चव येते, पण याहून जास्त घातलीस तर ब्रेड तिसऱ्या दिवशी कोरडा लागतो. साखर १२० ग्रॅम, त्यातली निम्मी गुळाची चालेल. गूळ मऊ, पिवळसर घे आणि बारीक चिरून घाल. अंडी दोन, दही दोन मोठे चमचे, मीठ अर्धा चहाचा चमचा, खायचा सोडा पाऊण चमचा, बेकिंग पावडर अर्धा चमचा. सोड्याला मापाचा चमचाच वापर आणि सुरीने सपाट कर. सोडा जास्त झाला तर रंग काळपट येतो, साबणासारखी चव लागते आणि ब्रेड फुगून मध्ये बसतो.

साखर कमी करायचा मोह तुला होईल, कारण हल्ली सगळ्यांनाच होतो. १०० ग्रॅमच्या खाली जाऊ नकोस. साखर नुसती गोडीसाठी नसते. ती पाणी धरून ठेवते आणि त्यामुळेच ब्रेड मऊ राहतो. कमी गोड हवा असेल त्या घरी छोटा ब्रेड दे.

तेल की लोणी, यावरून बायका वाद घालतात. चव लोण्याची मोठी, यात वादच नाही. पण लोणी थंडीत घट्ट होतं आणि ब्रेडही त्याबरोबर घट्ट होतो. तेल पातळच राहतं, म्हणून तेलाचा ब्रेड फ्रिजमधून काढला तरी मऊ असतो. दोन्ही घे: वास नसलेलं सूर्यफुलाचं तेल ६० मिली आणि वितळवलेलं लोणी ३० ग्रॅम. शेंगदाण्याचं घाण्याचं तेल इथे नको, त्याचा वास केळ्यावर चढतो.

आता वसईची खूण. अमेरिकेतल्या ब्रेडमध्ये अक्रोड नाहीतर चॉकलेट असतं. तू त्यात सुकेळी घाल. आगाशीकडची ही सुकेळी पिकलेल्या राजेळीची. केळी सोलून उन्हात वाळवत ठेवायची, संध्याकाळी आत घ्यायची, सकाळी पुन्हा बाहेर. असं करत ती मधाच्या रंगाची, चिवट आणि दाट गोड होतात. पूर्वापार ती केळीच्या वाळक्या पानात बांधून विकतात. एका ब्रेडला ८० ग्रॅम पुरतात. सुरीला तेलाचं बोट लाव, नाहीतर एकही तुकडा सुटा निघणार नाही, आणि तुकडे मनुक्याएवढेच कर. मोठे तुकडे खाली बसतात. तुकडे पिठात घोळवले की बसत नाहीत असं सांगतात. त्याने फरक पडतो, पण थोडाच. तुकडा लहान आणि पीठ घट्ट असेल तर तो वर राहतो. सुकेळी मिळाली नाहीत तर खजूर घे. फरक तुला कळेल, कारण सुकेळ्यांचा घास दाताखाली आला की केळ्याची चव दुप्पट होते आणि खजुराने फक्त गोडी वाढते.

अक्रोड ६० ग्रॅम. आधी एक चावून बघ. जुन्या अक्रोडाला खवट चव असते आणि एक वाईट मूठ सगळा ब्रेड बिघडवते. चांगले निघाले की १६० अंशांवर सात-आठ मिनिटं भाजून, गार करून, मग चीर. अक्रोड महाग पडले तर कोकणातली काजूची तुकडी घे. ती स्वस्त मिळते आणि चवीला कुठेच कमी नाही.

वासाला दालचिनी अर्धा चमचा, वेलची पाव चमचा आणि जायफळ तिथल्या तिथे किसून, सुरीच्या टोकावर मावेल एवढंच. जायफळ जास्त झालं तर दुसऱ्या दिवशी कडवट लागतं. मसाल्यांचा वास मुरत जातो, म्हणून कालवताना जेमतेम वाटेल एवढाच घाल. डिसेंबरात नागपूरची संत्री बाजारात भरपूर असतात. एका संत्र्याची साल बारीक किसणीवर वरच्या वर किस. फक्त नारिंगी भाग हवा, पांढरा लागला की कडू. तो कीस साखरेत घालून बोटांनी चोळ. साखर ओलसर आणि पिवळी होते, सालीतलं तेल तिच्यात उतरतं. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ब्रेड कापल्यावर खोलीभर जो वास येतो तो याचाच.

कालवण्याआधी सोड्याची परीक्षा घे. चमचाभर लिंबाच्या रसात चिमूट टाकली की जोरात फसफसला पाहिजे. बेकिंग पावडर गरम पाण्यात टाकून बघ. फसफसली नाही तर डब्यावरची तारीख काहीही असो, नवी आण. आपल्या दमट हवेत उघडा डबा पावसाळा काढू शकत नाही.

मैदा, कणीक, सोडा, पावडर, मीठ, मसाले एकत्र दोनदा चाळ. दुसऱ्या भांड्यात साखर, अंडी, तेल, लोणी, दही आणि केळ्याचा गर फेट. इथे कितीही फेटलंस तरी चालेल. मग कोरडं ओल्यात घाल आणि हात आवर. उलथण्याने तळापासून वर, भांडं फिरवत, दहा-बारा वेळा. मैद्याच्या पांढऱ्या रेषा अजून दिसत असताना सुकेळी आणि अक्रोड घाल, आणखी चार-पाच वेळा वरखाली कर आणि थांब. पीठ खडबडीत, ओबडधोबड दिसेल. तुला ते गुळगुळीत करावंसं वाटेल. करू नकोस. मैदा ओला होऊन घोळला की त्याला चिवटपणा येतो. पावाला तो हवा असतो, इथे त्याने ब्रेड रबरी होतो आणि आत उभी लांबट भोकं पडतात. चमचा उचलून तिरका धर: पीठ क्षणभर चिकटून राहिलं आणि मग गोळ्याने खाली पडलं तर ठीक. धारेने वाहिलं तर केळं जास्त झालं, एक मोठा चमचा मैदा भुरभुरव.

टिन भेटीसाठी छोटेच घे. पावणेसहा बाय तीन इंचाचे टिन बाजारात मिळतात. कापून अर्धा दिलेला मोठा ब्रेड दोन दिवसांत सुकतो, अख्खा छोटा ब्रेड टिकतो, कारण कापलेली बाजूच आधी वाळते. शिवाय छोटा ब्रेड घेणाऱ्या घरात दोन दिवसांत संपतो. आत तेल लाव आणि बटर पेपरची पट्टी दोन्ही बाजूंनी वर येईल अशी घाल, झोळीसारखी. पुढे ब्रेड तिला धरून उचलायचा आहे. दोन तृतीयांशाहून जास्त भरू नकोस. वर केळ्याच्या चकत्या लावायची पद्धत आहे, फोटोत छान दिसतात. भेटीच्या ब्रेडवर लावू नकोस. त्या ओल्या राहतात, दुसऱ्या दिवशी काळ्या पडतात आणि बुरशीला आमंत्रण देतात. पिठीसाखरही नको, आपल्या हवेत ती विरघळून ओघळते. वर दोन अक्रोड ठेव, पुरे.

आमच्या लहानपणी घरात ओव्हन नव्हते. नाताळच्या आठवड्यात केकचं पीठ टिनात भरून, टिनावर नावाचा कागद चिकटवून बेकरीच्या भट्टीवर न्यायचं. बेकरीवाला पाव निघाल्यावर, भट्टी जरा उतरली की मग केक आत सरकवायचा. माझी आय सांगायची, गोड पदार्थाला उतरती आच लागते. त्याचं कारण साधं आहे: साखर लवकर लाल होते, आत शिजायच्या आधी वरचं करपतं. तुझ्या ओटीजीतही हेच पाळ. १७५ अंशांवर निदान वीस मिनिटं तापव, वरच्या-खालच्या दोन्ही कांड्या चालू ठेव, टिन मधल्या जाळीवर ठेव आणि पीठ आत गेलं की १७० वर आण. छोट्या ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतली उष्णता यांत पुष्कळदा मोठा फरक असतो. आत ठेवायचा तापमापक फार महाग नसतो, एकदा घेऊन टाक. पंखा चालणारा ओव्हन असेल तर आणखी दहा-पंधरा अंश कमी कर.

छोट्या टिनाला ३० ते ३५ मिनिटं लागतात, मोठ्याला ५५ ते ६५. निम्म्याहून जास्त वेळ होईपर्यंत दार उघडू नकोस, मधला भाग अजून सावरलेला नसतो. मग एकदाच उघड, टिन पुढचा मागे फिरव आणि वर रंग आला असेल तर फॉइल सैल झाक. वर उभी भेग पडेल. पडू दे. बाहेरचा थर आधी बसतो आणि आतलं पीठ नंतर फुगून वाट काढतं.

झाला का हे बघायला टूथपिक घालतात, पण या ब्रेडमध्ये ती दोन्हीकडून फसवते. सुकेळ्याच्या तुकड्यात गेली तर ओली निघते आणि भेगेजवळ कडेला घातलीस तर खोटी कोरडी निघते. मधोमध, भेगेपासून बोटभर बाजूला, दोन ठिकाणी घाल. दोन-चार चुरे चिकटले तर चालतील, ओलं पीठ नको. बोटाने वर हलकं दाब, खड्डा लगेच भरून यायला हवा. मांस-केकसाठीचा सुईवाला तापमापक असेल तर मधोमध ९५ ते ९८ अंश दाखवला की काढ. घरच्या ब्रेडला थोडं कच्चं-ओलसर असलं तर लोक आवडीने खातात. भेटीच्या ब्रेडला ती सवलत नाही. शंका वाटली तर पाच मिनिटं जास्तच ठेव.

ओव्हनमधून काढल्यावर टिनात दहा मिनिटं. मग कागदाला धरून उचल आणि जाळीवर ठेव. टिनात राहिला तर वाफ तळाशी पाणी होऊन बसते. आणि आता सगळ्यात अवघड काम: थांबणं. छोटा ब्रेड दोन-अडीच तास, मोठा चार तास. हात लावून वरून गार वाटतो, पण आत ऊब असते. तळावर तळहात ठेवून बघ. जराही ऊब असताना गुंडाळलास तर आतल्या आत घाम येतो आणि दोन दिवसांत भेगेत पांढरे ठिपके दिसतात. पुष्कळशा ब्रेडची माती इथेच होते. पूर्ण गार झाला की बटर पेपरमध्ये गुंडाळ, त्यावर फॉइल किंवा क्लिंग फिल्म, आणि रात्रभर ठेव. या रात्रीत आतला ओलावा कडेपर्यंत पसरतो, वरचा कडक थर मऊ आणि किंचित चिकट होतो, वेलची-जायफळ मुरतं.

अंड्याचा विषय नीट ऐक. मार्गशीर्षाचे गुरुवार बहुतेक डिसेंबरातच येतात. शेजारच्या वहिनींचा उपास, घट मांडलेला, आणि तू अंड्याचा ब्रेड घेऊन दारात, असं होऊ द्यायचं नाही. दिवाळीत त्यांच्याकडून आपल्याकडे फराळाचं ताट आलेलं असतं आणि आपण ते रिकामं परत करत नाही. नाताळला आपलं ताट त्यांच्या देवघरातही निर्धास्त जाता आलं पाहिजे. म्हणून निम्मे ब्रेड बिनअंड्याचे कर. दोन अंड्यांऐवजी घट्ट दही १०० ग्रॅम आणखी घाल, केळ्याचा गर २५० ग्रॅमवर आण, बेकिंग पावडर अर्ध्याऐवजी एक चमचा घे आणि पाच ते दहा मिनिटं जास्त भाज. दह्यातलं आम्ल सोड्याला मिळालं की ब्रेड छान फुगतो. पण हा ब्रेड गरम असताना कापला तर भुगा होतो, गार झाल्यावरच बांधून येतो. बिनअंड्याचे आधी भाज, मग अंड्याचे. फेटायचं, उलथणं, टिन सगळं वेगळं ठेव किंवा मध्ये नीट धू. ‘एवढ्याने काय होतं’ असं म्हणू नकोस. ज्याचा नेम असतो त्याला होतं.

दिवसांचा हिशेब असा लाव. मुंबई-ठाण्याच्या हवेत हा ब्रेड बाहेर दोन-तीन दिवस राहतो, पुण्याच्या कोरड्या थंडीत आणखी एखादा दिवस, फ्रिजमध्ये आठवडा. २४ आणि २५ ला वाटायचे असतील तर २३ ला भाज. चाळीस ब्रेड एका दिवसात होत नाहीत आणि २३ ला घरात गोठ्याची, चांदणीची, कपड्यांची कामं असतात, तेव्हा निम्मे डिसेंबरच्या सुरुवातीलाच करून फ्रीझरमध्ये ठेव. पूर्ण गार, दुहेरी गुंडाळलेले, अख्खे. दोन महिने चांगले राहतात. बाहेर काढशील तेव्हा गुंडाळलेलेच रात्रभर ठेव. दव बाहेरच्या फॉइलवर जमलं पाहिजे, ब्रेडवर नाही. सकाळी फॉइल काढून कोरडा कागद लाव.

बांधणी साधी असू दे. आतला बटर पेपर, वर खाकी कागद, सुती दोरी. छापील वर्तमानपत्र ब्रेडला लागू देऊ नकोस. शाई खाण्यात उतरते, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही त्याबद्दल ताकीद दिलेली आहे. सुकेळ्यांच्या पुड्यांसारखं केळीचं वाळकं पान मिळालं तर खाकी कागदाऐवजी तेच बाहेरून लाव आणि त्याच्याच सोपटाने बांध. पान अगदी वाळलेलं हवं, हिरवं पान ओलावा सोडतं.

दोरीत एक चिठ्ठी अडकव. त्यावर नाव आणि शुभेच्छा तर असतीलच, पण त्याखाली स्पष्ट लिही: अंडं आहे की नाही, अक्रोड किंवा काजू आहेत, गव्हाचं पीठ आहे, कधी भाजला, कोणत्या तारखेपर्यंत बाहेर ठेवावा. दाण्या-काजूची ॲलर्जी असलेली मुलं आता बऱ्याच घरांत असतात आणि आईला विचारायला संकोच वाटतो. तिला विचारावं लागू नये. शेवटी एक ओळ: बोटभर जाड काप करून तव्यावर तुपाच्या थेंबात दोन्ही बाजूंनी शेकावेत. चौथ्या दिवशीचा ब्रेडसुद्धा असा शेकला की कडा कुरकुरीत होतात, सुकेळी वितळल्यासारखी होतात, आणि तो ताज्याहून उजवा लागतो.

राहिला एकच कानमंत्र, आणि तो चुकवू नकोस. भेटीचा ब्रेड तुला कापून चाखता येत नाही. म्हणून प्रत्येक घाण्याला एक स्टीलची छोटी वाटी तेल लावून ठेव, तिच्यात दोन मोठे चमचे पीठ घाल आणि टिनांच्या शेजारी भाज. टिन फिरवायला दार उघडशील तेव्हा ती झालेली असते, काढून घे. लगेच खाऊ नकोस आणि मुलांनाही देऊ नकोस. ब्रेडसारखीच गार कर, तशीच गुंडाळ, तिथेच ठेव. ज्या सकाळी वाटायला निघशील त्या सकाळी ती सोडून चाखून बघ. मऊ असेल, वास स्वच्छ असेल, तळ चिकट नसेल, तर त्या घाण्याचे ब्रेड पिशवीत भर. नसेल तर तेवढे घरी ठेव, काप करून तव्यावर शेकून संपव, आणि यादीतल्या त्या घरांना दुसऱ्या घाण्यातले दे.